टर्मिनलमधला माऊस: क्लिकचे बाइट्स प्रोग्रामपर्यंत कसे पोहोचतात

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला माऊस दिसतच नाही. त्याला दिसतो बाइट्सचा एकच प्रवाह, ज्यातून कीबोर्डवरची अक्षरं येतात तोच. मिडनाइट कमांडरमध्ये फाइलवर क्लिक करा, व्हिममध्ये चाक फिरवा किंवा एचटॉपमध्ये कॉलमच्या नावावर टिचकी मारा; त्या प्रोग्रामच्या हाती पडतात ती टाइप केल्यासारखी काही अक्षरंच. फरक इतकाच की ती तुम्ही टाइप केलेली नसतात, टर्मिनलने केलेली असतात. शेलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या जागी, अचानक कचरा उमटणं, मजकूर सिलेक्ट न होणं, रुंद खिडकीच्या उजव्या भागात क्लिक न लागणं या तक्रारी वरवर वेगळ्या दिसतात, पण बहुतेकींचं मूळ या एका गोष्टीत सापडतं.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. या लेखात रोमन अक्षरं त्यांच्या नावाने लिहिली आहेत: एच, एल, एम. त्यांतलं एम लहान आणि मोठं असं दोन्ही येतं आणि तो फरक महत्त्वाचा आहे, म्हणून तिथे स्पष्ट सांगितलं आहे. "एस्केप" म्हणजे २७ क्रमांकाचा बाइट. प्रत्यक्ष टाइप करताना अक्षरं आणि अंक रोमन घ्यायचे आणि मधल्या रिकाम्या जागा गाळायच्या.

पाच मिनिटांचा प्रयोग

वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलेलं बरं. शेलमध्ये प्रिंटएफ कमांडने या दोन ओळी टर्मिनलकडे पाठवा. एस्केपसाठी अवतरणात उलटी तिरकी रेघ आणि ०३३ लिहायचं:

एस्केप [ ? १००० एच
एस्केप [ ? १००६ एच

दोन्हीकडचं एच लहान लिपीतलं. पहिली ओळ सांगते, "बटण दाबलं-सोडलं की मला कळव." दुसरी सांगते, "कळवताना नवा साचा वापर." आता नुसती कॅट कमांड चालवा आणि खिडकीत कुठेही डावं बटण दाबून सोडा. ३४ व्या स्तंभात, १२ व्या ओळीवर क्लिक केलं असेल तर स्क्रीनवर हे उमटेल:

^[ [ < ० ; ३४ ; १२ मोठं एम
^[ [ < ० ; ३४ ; १२ लहान एम

सुरुवातीची टोपी आणि कंस ही एस्केप बाइट दाखवायची टर्मिनल ड्रायव्हरची पद्धत. पहिला आकडा बटणाचा, दुसरा स्तंभाचा, तिसरा ओळीचा. मोठं एम म्हणजे दाबलं, लहान एम म्हणजे सोडलं. मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यातून होते आणि १ पासून सुरू होते. चाक वर फिरवलंत तर ६४ येईल, खाली फिरवलंत तर ६५. चाकाला "सोडलं" अशी नोंद नसते, ती शोधत बसू नका.

कंट्रोल-सी दाबून बाहेर पडा. माऊस अजून चालूच आहे. शेलच्या ओळीवर क्लिक केलं तर तिथेही अंक उमटतील. बंद करायला त्याच दोन ओळी शेवटच्या एचऐवजी लहान एल लावून पाठवा. एच म्हणजे चालू, एल म्हणजे बंद. ही जोडी पुढे सगळीकडे तशीच आहे.

बटणाचा आकडा म्हणजे बेरीज

तो पहिला आकडा एका दमात बऱ्याच गोष्टी सांगतो. खालचे दोन बिट मूळ बटणाचे: ० डावं, १ मधलं, २ उजवं, ३ म्हणजे कुठलंच नाही. त्यात शिफ्टचे ४, ऑल्टचे ८, कंट्रोलचे १६ मिळवले जातात. माऊस हलल्याची नोंद असेल तर ३२ आणि चाक असेल तर ६४. पुढे-मागे जाण्याची जादा बटणं काही टर्मिनल १२८ मिळवून कळवतात.

५१ आला असं समजा. ५१ मधून ३२ गेले, राहिले १९. त्यातून १६ गेले, राहिले ३. म्हणजे कंट्रोल दाबलेलं आहे, बटण कुठलंच दाबलेलं नाही आणि माऊस हलतो आहे. ४२ म्हणजे ३२ + ८ + २: ऑल्ट धरून उजव्या बटणाने ओढणं. ६९ म्हणजे शिफ्ट धरून चाक खाली.

कोड लिहिताना बिट तपासण्याचा क्रम सांभाळा. चाकाचा बिट आधी बघायचा आणि मगच खालचे दोन बिट वाचायचे. हा क्रम उलटा झाला की ६४ मधला शून्य डावं बटण म्हणून वाचला जातो आणि चाक फिरवताच कर्सर उड्या मारू लागतो. पहिल्यांदा हे लिहिणाऱ्यांच्या हातून घडणारी ही अगदी नेहमीची चूक.

काय कळवायचं आणि कसं कळवायचं

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवायला हवेत. कुठल्या घटना हव्यात हा एक, त्या कुठल्या साच्यात हव्यात हा दुसरा. प्रत्येकासाठी मोडचे वेगळे क्रमांक आहेत.

घटनांचे क्रमांक असे. ९ हा सगळ्यात जुना, फक्त बटण दाबल्याचं कळवतो. १००० दाबणं आणि सोडणं दोन्ही कळवतो. १००२ त्यात ओढण्याची, म्हणजे बटण दाबून हलवण्याची, भर घालतो. १००३ बटण न दाबताही प्रत्येक हालचाल कळवतो. मधला १००१ हायलाइटसाठी आहे. त्यात टर्मिनल प्रोग्रामच्या उत्तराची वाट बघत थांबतं, उत्तर आलं नाही तर खिडकी गोठल्यासारखी होते. तो वापरू नका.

बहुतेक प्रोग्रामना १००२ पुरतो. पॉइंटर नुसता वरून गेला तरी बटण उजळायला हवं असेल तरच १००३ घ्या, कारण त्याची किंमत मोजावी लागते. माऊस एका चौकटीतून, म्हणजे एका अक्षराच्या जागेतून, दुसऱ्या चौकटीत गेला की नवी नोंद, आणि १२० व्या स्तंभात, ४० व्या ओळीवर ती नोंद १३ बाइट्सची होते. माऊस टेबलावरून सहज सरकवला तरी डझनावारी नोंदी जातात. स्थानिक मशीनवर हे जाणवत नाही. एसएसएचवरून दूरच्या सर्व्हरशी बोलताना आणि प्रत्येक नोंदीला सगळी स्क्रीन पुन्हा रंगवणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र चांगलंच जाणवतं. रांगेत साठलेल्या हालचालींपैकी फक्त शेवटची घ्यावी आणि बाकीच्या सोडून द्याव्यात.

साच्यांची गोष्ट जरा जास्त गुंतागुंतीची आहे, कारण प्रत्येक नवा साचा आधीच्याची एखादी अडचण सोडवायला आला.

मूळ साच्यात एस्केप, चौकोनी कंस आणि मोठं एम यांच्यापुढे तीन बाइट येतात: बटण, स्तंभ, ओळ. नियंत्रण अक्षरांशी गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येकात ३२ मिळवलेले. वरचाच क्लिक या साच्यात असा येतो: ३२, ६६, ४४. म्हणजे रिकामी जागा, मोठं बी आणि स्वल्पविराम. बटण सोडल्यावर ३५, ६६, ४४, म्हणजे हॅश, मोठं बी, स्वल्पविराम. सोडलेलं बटण कुठलं, हे यात कळतच नाही. सगळ्यांसाठी एकच ३ आणि अधिक ३२.

याहून मोठी अडचण स्तंभाची. ९५ व्या स्तंभात ९५ + ३२ = १२७ होतात, आणि तो तर बॅकस्पेसचा बाइट. ९६ पासून पुढे बाइट १२८ किंवा त्याहून मोठा होतो, तो एकटा यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइट्समध्ये लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, वैध नाही. येणारा मजकूर आधी डीकोड करून मग वाचणारा प्रोग्राम इथेच अडखळतो. २२३ च्या पुढे तर सगळंच खुंटतं, कारण २५५ मधून ३२ गेले की २२३ उरतात. ८० स्तंभांच्या खिडकीत हे कधी लक्षात आलं नाही. रुंद मॉनिटरवर छोटा फॉन्ट ठेवणाऱ्यांना मात्र उजवीकडच्या पट्ट्यात क्लिक लागेनासे झाले.

१००५ ने तोडगा काढला: मोठे आकडे दोन बाइट्सच्या यूटीएफ-८ अक्षरात लिहायचे, म्हणजे २०१५ पर्यंत पोहोचता येतं. पण आलेले बाइट जुन्या साच्यातले की नव्या, हे प्रोग्रामला बघून सांगता येत नाही. १०१५ ने आकडे दशमान पद्धतीने, अर्धविरामांनी तोडून पाठवायला सुरुवात केली. मात्र बटणात ३२ मिळवणं तसंच ठेवलं, सोडलेलं बटण पुन्हा गुलदस्त्यातच, आणि शेवटी येणारं मोठं एम म्हणजे ओळ पुसण्याच्या आदेशाचा शेवट. हे बाइट चुकून स्क्रीनवर परत उमटले तर ओळी गायब होतात.

१००६ मध्ये हे सगळं मिटलं. कंसानंतरच्या "पेक्षा लहान" चिन्हामुळे ही नोंद दुसऱ्या कशासारखी दिसत नाही, ३२ ची भानगड नाही, आकड्यांना मर्यादा नाही आणि सोडलेलं बटण लहान एमसोबत नावानिशी येतं. आज लिहायला घेतलेल्या प्रोग्रामने १००६ मागावा आणि मूळ साचा फक्त वाचता यावा, कारण १००६ न समजणारं टर्मिनल त्याकडे दुर्लक्ष करून जुन्या साच्यातच पाठवत राहतं. १००५ आणि १०१५ साठी वेळ घालवू नये.

१०१६ हा १००६ सारखाच, पण चौकटींऐवजी पिक्सेलमध्ये मोजणारा. चित्रं काढायची नसतील तर त्याचं काम पडत नाही.

प्रोग्राममध्ये उतरवताना

सुरुवातीला टर्मिनल रॉ मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट जसाच्या तसा लगेच प्रोग्रामला मिळेल अशा स्थितीत, न्या आणि प्रतिध्वनी, म्हणजे टाइप केलेलं परत उमटणं, बंद करा. माऊसच्या ओळी पाठवायच्या त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर मधल्या क्षणातले क्लिक स्क्रीनवर कचरा म्हणून उमटतात. १००२ आणि मग १००६, एवढं पुरे. सावध प्रोग्राम आधी १००० ही पाठवतात, म्हणजे १००२ न कळणाऱ्या टर्मिनलमध्ये निदान साधे क्लिक मिळतात. घटनांच्या क्रमांकांत शेवटचा पाठवलेला जिंकतो, म्हणून लहानापासून मोठ्याकडे जायचं.

समोरच्या टर्मिनलला १००६ समजतं का, हे विचारताही येतं: एस्केप, [ ? १००६, मग डॉलरचं चिन्ह आणि लहान पी. उत्तरात तोच क्रमांक, अर्धविराम, एक आकडा, डॉलर आणि लहान वाय येतं. आकडा ० असेल तर ओळख नाही, १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. पण ज्या टर्मिनलला हा प्रश्नच कळत नाही ते गप्प बसतं, आणि तुम्ही वाट बघत राहता. म्हणून त्याच्या पाठोपाठ एस्केप, [ आणि लहान सी हा ओळख विचारणारा जुना प्रश्न पाठवायचा. त्याला जवळपास सगळे उत्तर देतात. दुसऱ्याचं उत्तर आलं आणि पहिल्याचं आलं नाही, तर नाही समजायचं.

वाचताना बाइट एकेक करून घ्या. एका वाचनात एक पूर्ण नोंद येईल असं कुणीही कबूल केलेलं नाही. कधी अर्धी येते, कधी सात एकदम येतात. साठवणीत जमा करा, पूर्ण झालेली नोंद उचला, उरलेले बाइट पुढच्या वाचनासाठी ठेवा. जुना साचा वाचताना मोठ्या एमनंतरचे तीन बाइट यूटीएफ-८ डीकोडरकडे न पाठवता कच्चेच घ्या.

खरी डोकेदुखी एकट्या एस्केपची. एस्केपची कळ दाबली तरी २७ हाच बाइट येतो आणि माऊसची नोंदही त्यानेच सुरू होते. प्रोग्राम थोडा वेळ थांबतो आणि पुढे काही आलं नाही तर कळ समजतो. हा वेळ फार कमी ठेवला आणि नेटवर्कने नोंद दोन तुकड्यांत पोहोचवली, तर एस्केप कळ म्हणून खपतो आणि उरलेले अंक मजकूर म्हणून घुसतात. व्हिमसारख्या संपादकात हे जास्त महागात पडतं: लिहिण्याचा मोड सुटतो आणि मागून आलेली अक्षरं आदेश म्हणून चालतात. उलट, वेळ फार ठेवला तर एस्केप दाबल्यावर प्रोग्राम रेंगाळतो. एनकर्सेस या टर्मिनल प्रोग्राम लिहिण्याच्या लायब्ररीमध्ये हा वेळ मुळात १००० मिलिसेकंद असतो, जो बहुतेकांना जास्त वाटतो.

एनकर्सेस वापरत असाल तर हे वाचन तुम्हाला लिहावं लागत नाही, पण तिथे दुसरा चकवा आहे. दाबणं आणि सोडणं मिळून एक क्लिक, दोन मिळून डबल-क्लिक असा हिशेब ती स्वतः करते, आणि त्यासाठी सेकंदाच्या सहाव्या भागाइतकी थांबते. प्रतिसाद जडशीळ वाटतो तो यामुळे. माऊस इंटरव्हल शून्य केला की दाबणं-सोडणं वेगवेगळं आणि लगेच मिळतं. डबल-क्लिक मग तुम्ही मोजायचे. टर्मिनलकडून डबल-क्लिक अशी नोंद कधीच येत नाही, कुणीतरी ती घड्याळ लावून ओळखलेली असते. शिवाय एनकर्सेसचे निर्देशांक ० पासून आणि आधी ओळ, मग स्तंभ असे. टर्मिनलचे १ पासून आणि आधी स्तंभ. दोन्ही मिसळले की क्लिक एका घराने तिरका लागतो.

आलेल्या आकड्यांवर आंधळा विश्वास नको. खिडकी नुकतीच लहान केली असेल तर जुन्या मापातला क्लिक वाटेत असू शकतो, आणि त्यावरून थेट यादीतला घटक उचलायला गेलं की प्रोग्राम कोसळतो. सध्याच्या मापात बसवून मगच वापरा.

बाहेर पडताना

बंद करणं हे चालू करण्यापेक्षा जास्त काळजीचं काम आहे. जे जे चालू केलं ते सगळं एलने बंद करा: १००६, १००३, १००२, १०००. पर्यायी स्क्रीनमधून (पूर्ण खिडकी व्यापणारे प्रोग्राम वापरतात त्या वेगळ्या पडद्यातून) बाहेर आलं की माऊस आपोआप बंद होईल असं धरून चालू नका; त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. क्रम असा: माऊस बंद, मग वाटेत असलेल्या नोंदी वाचून टाकणं किंवा इनपुटची रांग रिकामी करणं, आणि शेवटी रॉ मोड सोडणं. मधली पायरी बहुतेक जण विसरतात. संथ जोडणीवर "बंद" हा निरोप पोहोचेपर्यंत दोन-चार नोंदी निघालेल्या असतात, आणि त्या शेलच्या ओळीवर येऊन पडतात.

कंट्रोल-झेडने प्रोग्राम थांबवला तरी हेच करायचं, आणि परत पुढे आणला की पुन्हा चालू करायचं. प्रोग्राम कोसळण्याच्या वाटेवरही ही साफसफाई जोडून ठेवा. प्रोग्रामला संधी न देता मारणाऱ्या किल -९ ला मात्र इलाज नाही.

एसएसएचची जोडणी तुटली तर पलीकडच्या प्रोग्रामला निरोप पाठवायची संधीच मिळत नाही. तुमच्या टर्मिनलला वाटतं माऊस अजून हवा आहे, आणि स्थानिक शेलमध्ये माऊस हलवताच ३५;८०;१२ असले अंक सांडू लागतात. रिसेट कमांड टाइप करा. टाइप करताना माऊसला हात लावू नका, नाहीतर कमांडच्या मध्येच अंक घुसतील.

सिलेक्ट का होत नाही, चाक का फिरतं

माऊस प्रोग्रामकडे गेला की टर्मिनलचं स्वतःचं सिलेक्शन बंद पडतं. शिफ्ट धरून ओढलं की बहुतेक टर्मिनल ते ओढणं स्वतःकडे ठेवतात; आयटर्म-टूमध्ये त्यासाठी ऑप्शन कळ आहे. याचाच अर्थ, शिफ्ट-क्लिकवर महत्त्वाचं काही ठेवू नका. तो तुमच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.

एका टर्मिनलचे अनेक भाग करणाऱ्या टीमक्समध्ये "सेट -जी माऊस ऑन" केलं की माऊस आधी टीमक्सकडे जातो. क्लिक कुठल्या भागात पडला हे बघून तो त्या भागाच्या हिशेबाने स्तंभ आणि ओळ वजा करून आतल्या प्रोग्रामला देतो, आणि तेही आतल्याने मागितलं असेल तरच. शिफ्ट धरून सिलेक्ट केलंत तर टीमक्सला वगळून बाहेरचं टर्मिनल सिलेक्ट करतं, म्हणून शेजारच्या भागातला मजकूरही सोबत येतो.

फाइल पानापानाने दाखवणाऱ्या लेसने माऊस मागितलेला नसतानाही चाकाने पानं सरकतात, याचं कोडं १००७ मध्ये आहे. पर्यायी स्क्रीन चालू असताना टर्मिनल चाकाच्या प्रत्येक टप्प्याला वर-खाली बाणांच्या कळा पाठवतं. प्रोग्रामला वाटतं कुणीतरी बाण दाबतो आहे. एखाद्या प्रोग्राममध्ये चाक फिरवल्यावर पान न सरकता जुन्या आदेशांची यादी फिरू लागली, तर तिथेही हेच चाललेलं असतं.

देवनागरी आणि चौकटी

नोंदीतला स्तंभ हा अक्षराचा क्रमांक नसतो, चौकटीचा असतो. रोमन मजकुरात दोन्ही एकच पडतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. देवनागरीत ती लगेच उघडी पडते. "किल्ली" हा शब्द घ्या: वाचणाऱ्याला दोन अक्षरं, युनिकोडमध्ये सहा चिन्हं (क, वेलांटी, ल, हलंत, ल, वेलांटी), आणि चौकटी किती हे टर्मिनलवर अवलंबून. हलंताला बहुतेक ठिकाणी रुंदी शून्य धरतात. वेलांटी आणि काना यांच्याबाबत मात्र कुणी एक चौकट देतं, कुणी आधीच्या अक्षरात मिसळतं. टर्मिनलचा हिशेब आणि तुमच्या प्रोग्रामचा हिशेब जुळला नाही की एका ओळीत आठ-दहा मात्रा होताच क्लिक शेजारच्या शब्दावर लागतो.

यावर भरवशाचा उपाय असा: क्लिक होऊ शकणारी प्रत्येक गोष्ट तिच्या ठरलेल्या स्तंभावर कर्सर नेऊन मगच छापायची. मराठी नाव छापून त्याच्या पुढे जे येईल तिथे बटण ठेवायचं नाही. आधी कर्सर ४० व्या स्तंभावर न्यायचा आणि मग बटण काढायचं. नावाच्या आत एक-दोन चौकटींची चूक राहील, पण ती बटणापर्यंत सरकत जाणार नाही. आणि यादीत क्लिक ओळखताना शक्य तिथे फक्त ओळीचा आकडा बघा, कारण मात्रांचा घोळ कितीही असला तरी ओळ चुकत नाही.